पोचलीस की फोन कर

सर्वप्रथम एक कबुली. हा माझ्या आयुष्यातला पहिला मराठी लेख आहे. ज्युनिअर केजी ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये काढली. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं की वहीत नाव लागायचं. माझं नाव बऱ्याचदा लागायचं, पण त्याचा लिहिताना काही उपयोग होत नाही हे आत्ता कळतंय! मॅगझिनच्या मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट आहे. "चार पानं कमी पडतायत, तू लिही" असं म्हणून तिने माझ्या हातात कोरे कागद ठेवले. मी म्हटलं, "अगं, मला सेमिनारच्या विषयाशिवाय दुसरं काही येत नाही." ती म्हणाली, "मग तेच लिही, पण पीपीटीसारखं नको." तेव्हा मित्रांनो, सांभाळून घ्या.

माझ्या टी.ई.च्या सेमिनारचा विषय होता : स्ट्रोकमध्ये मेंदूच्या पेशी वाचवणारी प्रोटीन्स मेंदूपर्यंत कशी पोचवायची? नाव जड आहे, पण हा विषय मला लायब्ररीत सापडलेला नाही. तो मला माझ्या मोबाईलच्या कॉल लॉगमध्ये सापडला.

माझे आजोबा संगमनेरजवळच्या एका गावात राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी आणि गणित शिकवलं. मी इंग्लिश मीडियमला जाणार हे ठरलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दर सुट्टीत मला त्यांच्यासमोर बसून एक पान शुद्धलेखन लिहावं लागायचं. तांबड्या पेनाने ते माझे ह्रस्व-दीर्घ दुरुस्त करायचे. आणि मी घरून निघाले की एस.टी.च्या खिडकीशी उभं राहून एकच वाक्य, अगदी न चुकता : "पोचलीस की फोन कर."

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका रविवारी मी गावाहून हॉस्टेलला परत आले. पोचले आठ वाजता. मग मेस, मग मैत्रिणी, मग दुसऱ्या दिवशीची असाइनमेंट. फोन राहिला. आठवण झाली तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजत आले होते. एवढ्या उशिरा फोन करू की नको असं वाटलं, पण पहिल्याच रिंगला आजोबांनी उचलला.

"सॉरी आजोबा, विसरलेच."

"सॉरीला मराठीत काय म्हणतात?"

"माफ करा?"

"नाही. घरच्या माणसाला 'चुकलं' म्हणतात. झोप आता."

एवढंच बोलणं झालं. आजोबांचं मी ऐकलेलं ते शेवटचं पूर्ण वाक्य असेल, हे तेव्हा मला कुठून माहीत असणार?

सकाळी साडेपाचला ते उठले तेव्हा त्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. आजीला वाटलं, हात अंगाखाली येऊन बधिर झाला असेल. तिने तेल चोळलं. आजोबा चहाच्या आधी फारसं बोलत नाहीतच, त्यामुळे ते गप्प आहेत ह्याचं कोणाला काही वाटलं नाही. आठ वाजता चहा घेताना तो ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला आणि आजोबांनी काहीतरी म्हटलं. त्यात शब्द नव्हता, नुसता आवाज होता. मग मात्र धावपळ. काकांनी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "इथे थांबू नका, नाशिकला न्या." नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये पोचायला साडेअकरा झाले.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बीपीचा नव्हता, शुगरचा नव्हता. त्यांनी विचारलं, "हे शेवटचे व्यवस्थित कधी होते?"

आजी म्हणाली, रात्री दूध घेतलं तेव्हा. मग तिलाच आठवलं, "नाही नाही, नातीच्या फोनची वाट बघत जागे होते."

मी लेक्चरमध्ये होते. काकांचा फोन आला. "तू काल आजोबांशी किती वाजता बोललीस? नीट बघून सांग." मी कॉल लॉग उघडला. रात्री १०:४२. "बोलणं साफ होतं?" "हो, साफ होतं." माझ्या मोबाईलमधली ती वेळ केसपेपरवर लिहिली गेली. झोपेत स्ट्रोक आला तर तो नक्की कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला किंवा बोलला, तिथून घड्याळ सुरू करतात. आजोबांचं घड्याळ माझ्या फोनपासून सुरू झालं होतं.

आणि ते घड्याळ फार निर्दय असतं. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते स्ट्रोकनंतर तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी पडतं हे सिद्ध झालं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. (आजोबांची दिडकी : तीन दीडे साडेचार!) आमचे जवळजवळ तेरा तास झाले होते. हल्ली काही पेशंटमध्ये पायाच्या किंवा हाताच्या नसेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात, आणि निवडक केसेसमध्ये ते चोवीस तासांपर्यंतही करता येतं. पण त्यासाठी नस मोठी लागते. आजोबांची अडलेली नस म्हणजे डाव्या मेंदूतली एक बारीक फांदी होती, आणि सीटी स्कॅनमध्ये तिथे काळसर डाग आधीच दिसायला लागला होता. बहुतेक माणसांचं बोलणं ज्या बाजूला असतं, तीच ही डावी बाजू.

संध्याकाळी मी नाशिकला पोचले. डॉक्टरांना विचारलं, "सर, गुठळी राहू दे. पण मरणाऱ्या पेशींना वाचवायचं औषध नाही का?" डॉक्टर दमलेले होते, तरी हसले. म्हणाले, "आहेत ना, भरपूर आहेत. उंदरांसाठी."

मला त्या वेळी राग आला. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की ते अगदी खरं बोलत होते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हिशोब मांडला, तर स्ट्रोकमध्ये मेंदू वाचवण्यासाठी तोवर १,०२६ वेगवेगळे उपाय प्रयोगशाळेत करून बघितले गेले होते. एक हजार सव्वीस! प्राण्यांमध्ये त्यातले कितीतरी चालले. माणसाच्या खाटेपर्यंत मात्र मेंदूच्या पेशींना थेट वाचवणारा असा एकही उपाय खात्रीने पोचला नव्हता.

का पोचत नाही? इथून माझा सेमिनार सुरू होतो.

आमच्या गाइड सरांनी विषय वाचून विचारलं, "हे बायोटेकवाल्यांचं नाही का? तू केमिकलची ना?" मी म्हटलं, "सर, मेम्ब्रेन आहे, फ्लक्स आहे, सिलेक्टिव्हिटी आहे. आणखी काय पाहिजे?" सर म्हणाले, "रेफरन्सेस पाहिजेत." आणि सही केली.

आधी मेंदूत काय होतं ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. आणि साठवण जवळजवळ शून्य! म्हणजे हॉस्टेलच्या मुलासारखं, डबा आला तर जेवण, नाहीतर उपास. नस अडली की मधोमध जिथे रक्त अजिबात येत नाही तिथल्या पेशी काही मिनिटांत मरतात. पण त्या भागाभोवती एक पट्टा असतो. तिथे शेजारच्या नसांतून थोडं थोडं रक्त झिरपत असतं. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण मेलेल्या नसतात. ह्या पट्ट्याला शास्त्रज्ञांनी ग्रहणातला शब्द दिलाय, पेनम्ब्रा, म्हणजे उपच्छाया. पूर्ण सावली नाही, पूर्ण उजेडही नाही. सगळी लढाई ह्या उपच्छायेसाठी असते. २००६ मध्ये जेफ्री सेव्हर ह्या अमेरिकन डॉक्टरने गणित केलं, की मोठी नस अडून उपचार झाले नाहीत तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात. १९ लाख, एका मिनिटात. मी आजोबांशी फोनवर जेवढा वेळ बोलले तेवढ्यात.

उपच्छायेतल्या पेशी नुसत्या उपासमारीने मरत नाहीत. पेशीत एक आत्मघाताची यंत्रणा असते. फार नुकसान झालं की पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फुटतात आणि त्यांच्यातून बाहेर पडलेलं प्रोटीन "आता आवरा" असा हुकूम सोडतं. हा हुकूम अडवणारी प्रोटीन्सही आपल्याच पेशींत असतात. त्यातलं एक म्हणजे बीसीएल-एक्सएल. २३३ अमिनो आम्लांची माळ. हे प्रोटीन वेळेवर जास्त प्रमाणात मिळालं तर पेशी तगू शकते. म्हणजे औषध आपल्याला माहीत आहे. मग द्या की सलाइनमधून!

इथे भिंत आडवी येते.

ह्या भिंतीची गोष्ट मला फार आवडते. १८८५ साली पॉल अर्लिक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदू रंग धरत नसेल. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या गोल्डमनने १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग त्याने थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे मेंदू रंग धरतो. मधे काहीतरी आहे जे रंगाला इकडून तिकडे जाऊ देत नाही. (गुरूचं चुकलं हे शिष्याने प्रयोगाने दाखवलं. व्हायवाला असं करून बघू नये.) ती भिंत प्रत्यक्ष दिसली १९६७ मध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही सरकतच नाही. ह्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर साधारण ६०० किलोमीटर भरतील असं म्हणतात. इकडे पुणे, तिकडे नागपूरच्या अलीकडे कुठेतरी, आणि सगळ्या वाटेवर दोन्ही बाजूंना कुंपण!

ही भिंत आपल्या भल्यासाठीच आहे. रक्तात काय काय येतं : जंतू, विषारी पदार्थ, कालच्या मिसळीचे परिणाम. त्यातलं सगळं मेंदूत गेलं असतं तर आपण दोन वाक्यं सरळ बोलू शकलो नसतो. लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू तेवढे आत सरकतात. पी.एल.च्या रात्री आपल्याला जागं ठेवणारं कॅफीन जातं. पण प्रोटीन म्हणजे कॅफीनच्या शंभर-दीडशे पट, कधी त्याहून मोठा रेणू. तो दारातच अडतो. गुठळी विरघळवणारं औषधही प्रोटीनच आहे, पण त्याचं काम नसेच्या आत असतं, भिंत ओलांडायची गरजच नसते. पेशी वाचवणाऱ्या प्रोटीनला मात्र पलीकडे जावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम रिॲक्शनचा नाही, प्रोसेस मास ट्रान्स्फर लिमिटेड आहे. रिॲक्टर तयार, कॅटॅलिस्ट तयार, फीडच पोचत नाही.

भिंतीला दार कुठे सापडलं बघा. १९८८ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना एकाच वेळी दिसलं, की एचआयव्ही विषाणूचं टॅट नावाचं एक प्रोटीन कोणाच्याही मदतीशिवाय पेशीत शिरतं. पुढे कळलं, की शिरण्याचं काम सगळं प्रोटीन करत नाही. त्यातला फक्त ११ अमिनो आम्लांचा तुकडा करतो. (नुसत्या तुकड्याने एड्स होत नाही, घाबरू नका.) मग अमेरिकेत सेंट लुईसच्या स्टीव्हन डाउडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा तुकडा एका भल्यामोठ्या एन्झाइमला जोडला आणि ते उंदरांच्या पोटात टोचलं. हे एन्झाइम जिथे असेल तिथे खास रसायन घातलं की निळा रंग येतो. त्यांनी मेंदूचे काप तपासले. निळे! १८८५ साली जो मेंदू कोरा राहिला होता, तो ११४ वर्षांनी रक्तातून आलेल्या प्रोटीनने निळा झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत उभी राहिले होते. लायब्ररीयन मॅडमनी बसायला सांगितलं.

मग जे व्हायचं तेच झालं. २००२ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात एकापेक्षा जास्त गटांनी टॅटच्या तुकड्याला बीसीएल-एक्सएल जोडलं, उंदरांना स्ट्रोक आणला आणि हे जोड-प्रोटीन दिलं. मेंदूतला मेलेला भाग लहान झाला. उंदरांसाठी आणखी एक औषध!

पण त्याच वर्षी टोरांटोमध्ये मायकेल टिमियान्स्की ह्या न्यूरोसर्जनच्या गटाने वेगळा विचार केला. आख्खं प्रोटीन कशाला? काम करणारा तुकडाच घ्यावा. टॅटचे ११ आणि पेशीतल्या घातक निरोपाची तार तोडणाऱ्या तुकड्याचे ९, एकूण २० अमिनो आम्लं. ११ म्हणजे एस.टी. आणि ९ म्हणजे आतला पॅसेंजर. ह्याचं नाव नेरिनेटाइड. उंदीर झाले, मग २०१२ मध्ये माकडं झाली. माकडाचा मेंदू माणसासारखा वळ्यावळ्यांचा, आणि तिथेही हे चाललं. शेवटी माणसं. २०२० मध्ये १,१०५ पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. गुठळी नळीने काढण्याबरोबर हे औषध दिलेल्यांपैकी ६१.४ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नुसतं पाणी टोचलेल्यांपैकी? ५९.२ टक्के. फरक म्हणावा असा फरकच नाही.

मी तिथेच वही मिटणार होते. पण पुढच्या पानावर खरी गंमत होती. ज्यांना गुठळी विरघळवणारं औषध मिळालं नव्हतं, त्यांचा वेगळा हिशोब केला तर ५९.३ विरुद्ध ४९.८ असा फरक दिसत होता. असं का? तर गुठळी विरघळवणारं औषध रक्तात प्लाझ्मिन नावाची कात्री जागी करतं. ही कात्री प्रोटीनची माळ कापते ती बरोबर दोन मण्यांपाशी, लायसिन आणि आर्जिनिन. आणि टॅटच्या ११ मण्यांपैकी ८ मणी हेच! ज्या मण्यांमुळे तो तुकडा दार उघडतो, त्याच मण्यांपाशी तो कापला जात होता. एस.टी. निघाली, पण वाटेतच तिची चाकं काढली गेली. एक चांगलं औषध दुसऱ्या चांगल्या औषधाला खात होतं.

ह्यावरून तज्ज्ञांनी विरघळवणारं औषध न मिळालेल्या पेशंटवरच पुन्हा मोठी चाचणी केली. सगळ्यांना वाटत होतं, आता नक्की. पण तिचंही मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. सेमिनारमध्ये ही स्लाइड दाखवताना माझा आवाज बसला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मग एवढं सगळं करून निष्कर्ष काय?" सगळे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता.

मला सापडलेला निष्कर्ष सांगते. औषध असणं वेगळं आणि औषध पोचणं वेगळं. आणि पोचणं म्हणजेही एक गोष्ट नाही. भिंतीपलीकडे पोचायला हवं, वाटेत न तुटता पोचायला हवं, योग्य पेशीत पोचायला हवं (टॅटला पत्ता नाही, तो लिव्हर, किडनी, दिसेल त्या पेशीत शिरतो), आणि ह्या सगळ्याच्या आधी वेळेत पोचायला हवं. चारपैकी एक जरी चुकलं तरी उत्तर शून्य, कारण हा गुणाकार आहे, बेरीज नाही.

तरी भिंत ओलांडता येते, हे आता निव्वळ उंदरांपुरतं राहिलेलं नाही. मेंदूला लोह लागतं, म्हणून भिंतीत लोह आत घेणारं एक अधिकृत दार असतं. त्या दाराची बेल वाजवणारी अँटीबॉडी प्रोटीनला जोडायची आणि दार उघडलं की प्रोटीनने तिच्याबरोबर आत जायचं, अशी दुसरी युक्ती आहे. हंटर सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात लहान मुलांच्या शरीरात एक एन्झाइम नसतं. ते ह्या दारातून मेंदूपर्यंत नेणाऱ्या औषधाला २०२१ मध्ये जपानने मान्यता दिली. हा स्ट्रोक नाही. त्या मुलांना आठवड्यामागून आठवडे औषध देता येतं, स्ट्रोकमध्ये मिनिटं मोजावी लागतात. पण दार आहे, आणि प्रोटीन त्यातून जातं, एवढं तरी नक्की झालं.

आता आजोबांचं सांगते, कारण सेमिनारला ते सांगता आलं नाही.

आजोबा घरी आहेत. काठी घेऊन चालतात. आपण बोललेलं त्यांना बहुतेक सगळं समजतं, पेपर समोर धरतात, चुकीचं ऐकलं की भुवया वर जातात. पण शब्द बाहेर येत नाही. पाणी हवं असेल तर "ते... ते..." म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. ज्या माणसाने शेकडो मुलांना शब्द दिले त्याला "पाणी" हा शब्द सापडू नये! मला आधी वाटायचं शब्द पुसले गेले. तसं नाही. ते आत आहेत, बाहेर यायची वाट बंद आहे. हीही एक भिंतच, आतून बाहेर येणारी.

स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, लहानपणापासून घोकलेलं म्हणून बघा, ते कधी कधी वेगळ्या वाटेने येतं. आजीने हरिपाठ सुरू केला, आजोबा थोडं गुणगुणले. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आजोबा, औटकी." साडेतीनचा पाढा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाले : "बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा..." न अडखळता! आजी पदर डोळ्याला लावून आत गेली. पाढा संपला आणि त्यांनी पाणी मागायचा प्रयत्न केला. "ते... ते..."

मी खूप दिवस एकच विचार करत होते. मी आठ वाजताच फोन केला असता तर ते लवकर झोपले असते, आणि कदाचित हे झालंच नसतं. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जागरणाने नाही झालं. त्यांनी मे महिन्यापासून बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. आणि तू आठला फोन केला असतास तर आमचं घड्याळ आणखी आधीपासून सुरू झालं असतं." मला हे अर्धं पटलं. अर्धं अजून पटायचंय.

म्हणून ज्यांनी इथवर वाचलं त्यांना माझी एक विनंती आहे. मेंदूत प्रोटीन पोचवायचं काम कोणीतरी करेल, कदाचित आपल्यातलंच कोणी. पण तोवर माणूस पोचवायचं काम आपल्यालाच करावं लागणार. घरी फोन कराल तेव्हा हे चार शब्द सांगून ठेवा : चेहरा, हात, बोलणं, वेळ. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलत नाही, बोलणं लडबडलं, ह्यातलं एक जरी एकाएकी दिसलं तरी तेल चोळत बसू नका, झोपवू नका, "दुपारपर्यंत बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा, आणि हा माणूस शेवटचा व्यवस्थित कधी होता ते कागदावर लिहून बरोबर न्या. आणि बरं वाटतंय म्हणून बीपीच्या गोळ्या बंद करू नका, कारण गोळ्या चालू आहेत म्हणूनच बरं वाटत असतं.

गेल्या महिन्यात सुट्टी संपवून मी गावाहून निघाले. आजोबा काठी टेकत एस.टी.पर्यंत आले. खिडकीशी उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, "ते... ते..." आणि त्यांनी डावा हात कानाशी नेला, फोनसारखा. मी म्हटलं, "हो आजोबा. पोचले की लगेच."

हॉस्टेलच्या गेटमध्ये पाय ठेवला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी फोन लावला. आजीने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"आजोबा, पोचले."

पलीकडे बराच वेळ काही नाही. श्वास ऐकू येत होता. मी थांबले. मला आता थांबता येतं.

मग अगदी सावकाश, पण साफ, एक शब्द आला.

"पोच."

जुन्या पत्रांच्या शेवटी आजोबा लिहायचे, "पत्राची पोच द्यावी." त्यांनी "पोचलीस" म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द अर्ध्यात अडला, की त्यांनी मला माझ्या फोनची पोच दिली, ते मला सांगता येणार नाही. मी कॉल लॉगमध्ये वेळ बघितली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. संध्याकाळी ७:१८.

ह्या लेखाचं पान मी आजोबांना पाठवणार आहे. सोबत तांबडं पेनही. त्यांचा डावा हात आता बऱ्यापैकी चालतो.

(टी.ई. केमिकल)